आईची गोष्ट आणि वैद्यकाचा हिशेब

रोगाची हकीकत आणि रोगाची कथा या दोन भिन्न वस्तू आहेत. हकीकत डॉक्टर लिहितो; तीत रोग्याचे वय, वजन, औषधाचे प्रमाण आणि परिणाम एवढे आले म्हणजे ती पुरी झाली. कथेचे एवढ्याने भागत नाही. तिला नायक लागतो, खलनायक लागतो, संकट टोकास जावे लागते आणि शेवटी कोठेतरी एक दार उघडावे लागते. हकीकतीची कथा होताना काय हाती येते आणि काय गळून पडते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकास नेहमीच मोह घालीत आला आहे. त्याचे एक बोलके उदाहरण म्हणून आम्ही येथे एका अमेरिकन चित्रपटाचा विचार करणार आहो. '...फर्स्ट डू नो हार्म' हे त्याचे नाव. 'आधी अपाय तरी करू नका' असा त्याचा अर्थ. १६ फेब्रुवारी १९९७ रोजी तो अमेरिकेत एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर प्रथम दाखविण्यात आला. दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स, आईच्या भूमिकेत मेरिल स्ट्रीप. विषय अपस्मार, ज्यास आमच्या घरांतून फेफरे म्हणतात तो रोग. आणि त्यावरील कीटोजेनिक आहार, म्हणजे जवळजवळ केवळ लोणी, साय, तेल आणि अंडी यांवर मुलास ठेवण्याची विलक्षण उपचारपद्धती.

हल्ली वजन उतरविण्याच्या हौसेने 'किटो' हा शब्द सुशिक्षित घरांत इतका रुळला आहे की, हा आहार मुळात लठ्ठ माणसांसाठी नव्हे तर झटके येणाऱ्या मुलांसाठी निघाला, हे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटते. एब्रहॅम्स यांचेही तसेच. २०२४ च्या नोव्हेंबरात ते वारले. त्यांचे नाव लोकांच्या ध्यानात आहे ते १९८० सालच्या 'एअरप्लेन!' या धमाल हास्यपटाच्या तीन दिग्दर्शकांपैकी एक म्हणून. जन्मभर थट्टामस्करी करणाऱ्या माणसाने असा गंभीर चित्रपट काढावा याचे कारण त्यांच्या घरातच होते. ते पुढे येईलच.

कथानक थोडक्यात असे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील राइमुलर कुटुंब. डेव्ह मालट्रक चालवितो, लोरी तीन मुलांचे घर सांभाळते. नुकताच एक घोडा घेतला आहे, हवाई बेटांवर सहलीस जाण्याचे घाटत आहे. अशात धाकटा रॉबी शाळेत एकाएकी पडतो. पुन्हा भावाबरोबर खेळताना पडतो, आणि या खेपेस त्याचे आचके सर्वांच्या दृष्टीस पडतात. तपासण्या होतात, कारण सापडत नाही, 'अपस्मार' हा शब्द उच्चारला जातो. मग औषधे सुरू होतात. फिनोबार्बिटालने मूल घरभर सैरावैरा धावून स्वतःस इजा करून घेते. म्हणून फेनिटॉइन, त्याच्या जोडीस कार्बामॅझेपिन. मग अंगभर भयंकर पुरळ. दरम्यान कुटुंबाचा आरोग्यविमा निरुपयोगी असल्याचे उघडकीस येते, मुलास सरकारी इस्पितळात हलवावे लागते, बाप अधिक जोखमीचा माल वाहू लागतो आणि घरावर जप्तीची नोटीस लागते.

येथपर्यंतचा भाग आमच्या मते या चित्रपटाचा खरा कस आहे. त्यात एक प्रसंग असा आहे की तो एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. रॉबीचे झटके थांबतच नाहीत. शिरेतून दिलेले औषध वाया जाते. तेव्हा पॅराल्डिहाइड नावाचे जुने द्रव्य आणले जाते. त्याच्या स्पर्शाने प्लास्टिकचा पेला विरघळताना आपणांस दिसतो, म्हणून ते काचेच्या पिचकारीतून मुलाच्या शरीरात सोडावे लागते. आई ते पाहते. चित्रपटाच्या नावातील सारा आशय त्या विरघळणाऱ्या पेल्यात आला आहे. त्यासाठी कोणास भाषण करावे लागत नाही. पैशाची विवंचना, भावंडांचा हिरमोड, नवराबायकोची धुसफूस ही सर्व या भागात रोगाइतक्याच बारकाईने रंगविलेली आहेत. आजार एकट्याला होत नाही, घराला होतो, हे येथे सांगितलेले नाही, दाखविलेले आहे.

आमच्याकडील प्रेक्षकास मात्र यात एका गोष्टीची उणीव भासेल. हे कुटुंब आजार लपवीत नाही. फेफरे आले की कांदा किंवा वहाण हुंगविणारा, आणि शुद्धीवर आल्यावर 'कुठे बोलू नका' म्हणून बजावणारा जो समाज आपण पाहिला, त्याचे येथे नावही नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांस वेडाच्या शेजारी बसवून विवाहाची अडचण ठरविले होते. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ साली. म्हणजे हा चित्रपट अमेरिकेत दाखविला गेला तेव्हा आमच्याकडे तो कायद्यात कायम होता.

कथेचा उत्तरार्ध ग्रंथालयात सुरू होतो. मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. मेलनी अबासॅक शस्त्रक्रियेचा विचार सुचविते. त्यासाठी आधी कवटी उघडून मेंदूवर विद्युत्तारा बसवाव्या लागणार. लोरी घाबरते आणि अपस्मारावरील ग्रंथ वाचीत बसते. पुष्कळ तासांनी एका मान्यवर पाठ्यग्रंथात तिला कीटोजेनिक आहार सापडतो. डॉक्टरीण तो उडवून लावते: यामागे सुट्या हकीकतींपलीकडे पुरावा नाही. पुढे ती होकार दिल्यासारखे करते. पण सतत वैद्यकीय देखरेखीत मुलास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात नेण्याची अशी अट घालते की ती या कुटुंबास परवडूच नये. त्या रात्री आई मुलास इस्पितळातून पळवून नेण्याचा यत्न करते आणि दाराशीच पकडली जाते. अखेर एक जुना डॉक्टर मित्र आणि एक सहृदय परिचारिका यांच्या सोबतीने ती विमानाने निघते, वाटेत झटका, पोहोचल्यावर कळते की तिला दिलेली वेळ आदल्या आठवड्यातच टळून गेली आहे आणि जागा नाही. विनवण्या करून प्रवेश मिळतो. आहार सुरू होण्यापूर्वीच्या उपासातच झटके कमी होऊ लागतात, पुढे ते पार थांबतात, आणि गावच्या मिरवणुकीत घोड्यावर बसलेल्या रॉबीच्या दर्शनाने चित्रपट संपतो.

या कथेचा न्याय करावयाचा तर ज्या आहाराची ती कथा आहे त्याचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. कारण चित्रपट त्याविषयी फारसे काही सांगत नाही, आणि तो इतिहास या कथानकाहून कमी रंजक नाही.

उपासाने फेफरे हटते ही समजूत फार जुनी. हिपॉक्रेटीसच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक ग्रंथसमूहात अन्नपाणी वर्ज्य करून बऱ्या झालेल्या एका रोग्याची नोंद आहे. बायबलात, मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, आचके येणाऱ्या मुलास येशूने बरे केल्याची कथा आहे. तेथे प्रार्थनेच्या जोडीने उपासाचाही उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. परंतु सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो 'उपास' नाही. तो मागाहून कोणा लेखकूने घातला. आमच्या चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर पंचगव्य घृत सांगितले आहे. तूप दिसताच 'हे सारे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते' असे म्हणणारे पुढे सरसावतील. त्यांस एवढेच विचारावेसे वाटते की औषधी तूप मात्रेने घेणे आणि दिवसाच्या अन्नातील नऊ दशांश उष्मांक स्निग्ध पदार्थांतून घेणे या दोन्ही गोष्टी एकच कशा?

अर्वाचीन काळात १९११ साली पॅरिसच्या ग्वेल्पा आणि मारी या वैद्यांनी वीस रोग्यांवर उपासाचा प्रयोग केला. नंतर अमेरिकेत बॅटल क्रीक येथील ह्यू कॉंकलिन नावाचा एक ऑस्टिओपथ मुलांस अठरा ते पंचवीस दिवस उपाशी ठेवू लागला. अपस्माराचे विष आतड्यांतून मेंदूकडे जाते, अशी त्याची उपपत्ती. ती सपशेल खोटी होती. मात्र त्याच्या काही रोग्यांस गुण येत होता. खोट्या कारणावर उभारलेला उपाय खरा निघावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील थट्टा पहिली नव्हे. न्यूयॉर्कच्या एका वकिलाच्या मुलास तेथे आराम वाटला. वकिलाचे बंधू जॉन हौलंड हे जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगांचे प्राध्यापक. १९१९ साली वकिलाने त्यांस पाच हजार डॉलर दिले आणि यामागे काय आहे ते शोधावयास सांगितले. वाचकांनी हा वकील ध्यानात ठेवावा.

१९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी एक साधी पण मोठी कल्पना मांडली. उपासात शरीरास साखर मिळत नाही, तेव्हा यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते. उपासाचा गुण जर या द्रव्यांमुळे येत असेल, तर उपासच कशास? खाऊ घालूनही, म्हणजे पिष्ट व साखर जवळजवळ बंद करून आणि स्निग्ध पदार्थ भरपूर देऊन, शरीरास उपासाच्या स्थितीत ठेवता येईल. 'कीटोजेनिक' हे नाव त्यांचेच. तेथीलच पीटरमन यांनी १९२५ पर्यंत प्रमाण बसविले: मुलाच्या वजनाच्या दर किलोस एक ग्रॅम प्रथिने, दिवसास दहा ते पंधरा ग्रॅम पिष्ट व साखर, बाकी सर्व स्निग्ध. उपासात मेंदू साखरेऐवजी ही द्रव्ये जाळतो हे बोस्टनच्या संशोधकांनी सिद्ध केले ते पुढे कितीतरी वर्षांनी, १९६७ साली. त्याने झटके नेमके कसे आवरतात, हे आजही एका वाक्यात सांगता येत नाही.

मग १९३८ साली मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइनचा गुण दाखविला, आणि हा आहार मागे पडला. तो खोटा ठरला म्हणून नव्हे. गोळी गिळणे सोपे, आणि प्रत्येक घास तोलणे कठीण, म्हणून. थोड्याच इस्पितळांत तो जिवंत राहिला. त्यांत हॉपकिन्स एक, आणि तेथे १९४० च्या दशकापासून हे काम सांभाळणाऱ्या आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली. चित्रपटात त्या स्वतःच स्वतःच्या भूमिकेत आहेत.

आता दिग्दर्शकाचे घर. एब्रहॅम्स यांच्या मुलास १९९३ साली, तो सुमारे वर्षाचा असताना, झटके सुरू झाले. औषधे झाली, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, गुण आला नाही. मग बापाने स्वतः ग्रंथालयात बसून हा आहार शोधून काढला, मुलास हॉपकिन्सच्या डॉ. जॉन फ्रीमन यांच्याकडे नेले आणि झटके थांबले. १९९४ साली त्यांनी मुलाच्या नावे चार्ली फाउंडेशन ही संस्था काढली. १९१९ चा तो वकील आणि १९९४ चा हा दिग्दर्शक यांत पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. पण या आहाराचे संशोधन दोन्ही वेळां पुढे ढकलले ते पैसा व ओळख असलेल्या बापांनी.

चित्रपटात हा बाप नाही. त्याच्या जागी आई आली. हॉलीवुडच्या दिग्दर्शकाच्या जागी ट्रकचालकाचे कुटुंब आले. हा फेरफार आम्हांस योग्य वाटतो. सधन माणसाच्या संकटात विम्याचा आणि जप्तीचा पेच आला नसता. दुसरा फेरफार मात्र तसा निरुपद्रवी नाही. वास्तवातील मुलावर शस्त्रक्रिया झाली होती आणि ती निष्फळ ठरली होती. चित्रपटातील मूल शस्त्रक्रियेपासून वाचते. त्यामुळे शस्त्रक्रिया ही केवळ एक टांगती तलवार बनते आणि ती सुचविणारी बाई क्रूर ठरते. वस्तुतः ज्या मुलांच्या मेंदूत दोषाची जागा नेमकी सापडते त्यांपैकी कित्येकांस शस्त्रक्रियेने कायमचा आराम पडतो. हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांस डॉ. अबासॅकचे चित्र पाहून काय वाटावे?

आमची मुख्य तक्रार या पात्राविषयीच आहे. शेक्सपिअरच्या अट्टल खलपुरुषासदेखील आपली बाजू मांडावयास स्वगत मिळते. या बाईस ते मिळत नाही. अ‍ॅलिसन जॅनी यांनी भूमिका चोख केली आहे, पण लेखणीनेच तिला पुठ्ठ्याची ठेवली. तिच्या तोंडी घातलेला आक्षेप, की पुरावा सुट्या हकीकतींचा आहे, हा चित्रपटात हृदयशून्यतेची खूण म्हणून येतो. परंतु तो आक्षेप त्या काळी खोटा होता काय? वैद्यापुढे एक आई येते. तिने एका ग्रंथात एक प्रकरण वाचले आहे. उद्या दुसरी येईल. तिने आतड्यांतील विषाची कॉंकलिनची उपपत्ती वाचलेली असेल. तिसरीस कोणा गुरूने अंगारा दिला असेल. तिघींचे डोळे सारखेच रडून सुजलेले, तिघींचा विश्वास सारखाच अढळ. त्यांत खरी कोणती हे अश्रूंवरून कसे ओळखावे? हा प्रश्न तिला एकदा मोठ्याने विचारू दिला असता तर पात्र जिवंत झाले असते, आणि लोरीचा विजयही अधिक मोलाचा ठरला असता.

चित्रपटानंतर वर्षभराने, १९९८ साली, फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या १५० मुलांचा हिशेब प्रसिद्ध केला. ही मुले साधी नव्हती. सरासरीने महिन्यास ४१० झटके, आणि सहाहून अधिक औषधे वाया गेलेली. वर्षाच्या शेवटी ५५ टक्के मुले आहारावर टिकून होती. आणि एकंदर मुलांपैकी २७ टक्क्यांचे झटके नव्वद टक्क्यांहून अधिक उतरले होते. सर्व उपाय हरलेल्या मुलांत एवढे यश म्हणजे थोडे नव्हे; एखाद्या नव्या औषधाने एवढे केले असते तर त्याचा डंका पिटला गेला असता. पण हाच आकडा पलटून वाचावा. जवळजवळ निम्म्या मुलांचा आहार वर्षाच्या आत सुटला. कोणास गुण आला नाही, कोणास तो झेपला नाही. त्यांच्याही आया ग्रंथालयात बसल्या असतील, त्यांनीही विमानाचे पैसे जमविले असतील.

कलाकृती या दृष्टीने चित्रपटाचा सर्वांत मोठा दोष मात्र याहून निराळा आहे, आणि त्याकडे टीकाकारांपेक्षा गृहिणींचे लक्ष आधी जाईल. ज्या आहाराचा हा जयजयकार, तो शिजतो कोठे? मिलिसेंट केली थोडक्यात पद्धत समजावून देतात, मूल निमूटपणे खाते, बरे होते. बस्स. खरे नाट्य तर येथून सुरू व्हावयाचे! प्रचलित कडक पद्धतीत प्रथिने व पिष्ट मिळून एक ग्रॅम तर स्निग्ध चार ग्रॅम, असे प्रत्येक जेवणाचे प्रमाण असते. तराजू ग्रॅमचा. वाडग्यास चिकटलेली सायसुद्धा चाटून संपवावयाची, कारण ती हिशेबात धरलेली आहे. खोकल्याच्या गोड औषधातील साखरही मोजावयाची. आमच्या घरातील एका मध्यम पोळीतच त्या मुलाचा दिवसाचा पिष्टाचा सारा वाटा संपून जाईल. आणि हे दोन दिवस नव्हे, गुण आला तर बहुधा दोन वर्षे. दिवाळीस घरात फराळाचे डबे भरलेले, भावंडे चकल्या मोडीत बसलेली, आणि लाडू मागणाऱ्या नातवास 'एका लाडवाने काय होते' म्हणणारी आजी. तिच्या त्या एका लाडवाने खरोखरच कीटोन उतरून झटका येऊ शकतो. आजीचे प्रेम आणि आईचा तराजू यांचा हा संघर्ष ज्याने रंगविला असता त्याने मोठी कलाकृती निर्माण केली असती. एब्रहॅम्स यांच्या घरी त्यांच्या मुलाचा आहार सुमारे पाच वर्षे चालला. म्हणजे त्यांस हे सारे ठाऊक होते. तरी त्यांनी विमानातील झटका निवडला आणि स्वयंपाकघर वगळले. दूरचित्रवाणीस धावपळ हवी असते, दुसरे काय!

उपासाचेही तसेच. चित्रपटात तोच चमत्काराचा क्षण आहे. परंतु २००५ साली फिलाडेल्फियात केलेल्या तुलनेत, उपास न घडविता हळूहळू आहार चढविलेल्या मुलांसही तीन महिन्यांनी तितकाच गुण आढळला, आणि सुरुवातीचा त्रास कमी झाला. आज पुष्कळ ठिकाणी तो उपास गाळतात. शिवाय 'आधी अपाय करू नका' हे वचन औषधांस लावावयाचे तर लोण्यासही लावले पाहिजे. बद्धकोष्ठ, उलट्या, रक्तातील चरबी वाढणे, उंची-वजन खुंटणे, काही मुलांस मूतखडा, हे या आहाराचे ज्ञात उपद्रव आहेत. (जाता जाता एवढे सांगावयास हवे की, हे वचन हिपॉक्रेटीसच्या शपथेतील म्हणून सांगतात, पण या शब्दांत ते तेथे नाही, त्याच्या आशयाचे वाक्य त्या परंपरेतील दुसऱ्या ग्रंथात आहे.)

याहून गंभीर बाब चयापचयाच्या रोगांची. १९९१ साली डॅरिल दे व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या रक्तात साखर पुरेशी होती, पण ती मेंदूत नेणारे वाहक प्रथिन सदोष असल्याने मेंदू भरल्या घरात उपाशी होता. अशा मुलांस कीटोन हे दुसरे इंधन देणे हाच तर्कशुद्ध उपाय, आणि आज या विकारावर हाच आहार पहिला उपचार मानतात. येथे कॉंकलिनचा योगायोग नाही. रोगाचे कारण आणि उपायाचे कारण हातात हात घालून चालतात. पण याच्या नेमके उलट असेही जन्मजात विकार आहेत. ज्या मुलाच्या शरीरास चरबी जाळताच येत नाही, किंवा ज्याच्यात पायरुव्हेट कार्बोक्सिलेज हे विकर नाही, त्यास हा आहार दिल्यास तो प्राणावर बेतू शकतो. अशा विकारांतही झटके येतात. बाहेरून पाहता दोन्ही मुले सारखीच पडतात, सारखेच आचके देतात. फरक रक्तलघवीच्या तपासणीतच कळतो. आईने मुलास रात्री पळविण्याच्या प्रसंगी प्रेक्षक श्वास रोखून तिच्या बाजूने उभा असतो. परिचारिका तिला बजावते की मुलाचा जीव धोक्यात घातल्याचे न्यायालयास वाटले तर मुलाचा ताबा जाईल. चित्रपट ही सूचना कायद्याची आडकाठी म्हणून मांडतो. आमच्या मते साऱ्या चित्रपटातील सर्वांत शहाणे बोलणे ते आहे.

मधुमेहाविषयीही येथे दोन शब्द. वाइल्डर हे मुळात मधुमेहाचेच अभ्यासक होते, आणि आज पिष्टवर्ज्य आहाराचा सर्वांत मोठा गाजावाजा त्याच रोगासाठी चालला आहे. २०२१ साली तेवीस चाचण्यांतील १,३५७ रोग्यांचा हिशेब एकत्र मांडण्यात आला; सहा महिन्यांनी अशा आहारावरील पुष्कळ रोग्यांची साखर ताळ्यावर आलेली दिसली, वर्षाअखेर तो फायदा ओसरलेला दिसला. फेफऱ्याच्या मुलाचा तराजू आई धरते. प्रौढाचा तराजू कोणी धरावा?

तरीही या चित्रपटास हिणविणे आम्हांस जमणार नाही. स्ट्रीप यांचा अभिनय, विशेषतः ग्रंथालयातील मूक प्रसंग, पहिल्या प्रतीचा आहे. वाचन ही क्रिया पडद्यावर नाट्यमय करणे किती अवघड आहे हे ज्यांस कळते त्यांनी तो जरूर पाहावा. शिवाय, विस्मृतीत गेलेला हा आहार घरोघरच्या आईबापांच्या कानी गेला आणि त्यांनी डॉक्टरांस प्रश्न विचारून भंडावले, यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. एका मुलाची कथा हा पुरावा नसेल. पण पुरावा शोधावयास लावणारी टोचणी ती असू शकते. त्यातील दुय्यम पात्रांपैकी काही माणसे अशी आहेत की ज्यांस स्वतःस या आहाराने गुण आलेला होता. हे कळल्यावर आम्ही तो पुन्हा पाहिला. कल्पना हृद्य आहे, यात शंका नाही. पण पडद्यावरील त्या गर्दीतून एक चेहरा आम्ही शोधीत राहिलो: ज्याने वर्षभर लोणी खाल्ले आणि ज्यास काही गुण आला नाही, त्याचा. तो तेथे असणे शक्यच नव्हते.

डॉ. अबासॅकच्या आक्षेपास उत्तर मिळाले ते २००८ साली, लंडनमध्ये, आणि ते एका आईने दिलेले नाही. दोन ते सोळा वर्षांची १४५ मुले निवडण्यात आली. रोज किंवा आठवड्यात कितीतरी वेळा झटके येणारी, निदान दोन औषधे हरलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी झाली. ७३ मुलांचा आहार लगेच सुरू झाला. ७२ मुलांस तीन महिने थांबावयास सांगण्यात आले; औषधे चालू तीच, जेवण नेहमीचे. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक उतरले होते. दुसऱ्या गटात तसे सहाच टक्क्यांचे. पाच वर्षांनी, २०१३ साली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १०२ मुलांवर अशीच तुलना प्रसिद्ध केली. आहार तराजूचा नव्हे, सुधारलेला, सोपा. दिवसास दहा ग्रॅम पिष्ट, स्निग्ध भरपूर. तीन महिन्यांनी आहारावरील ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक उतरले; दुसऱ्या गटात साडेअकरा टक्क्यांचे.

लोरी राइमुलर एक रात्र थांबू शकली नाही, आणि तिची कथा आपणांस ठाऊक आहे. लंडनच्या त्या ७२ घरांत आहाराची माहिती होती, आशा होती, इस्पितळाचे दार उघडे होते. तरी आईबापांनी तीन महिने रोज झटके मोजून वहीत लिहिले आणि मुलास पूर्वीसारखेच जेवू घातले. ज्यांचा हिशेब शेवटपर्यंत हाती आला त्या मुलांत, थांबलेल्यांचे झटके त्या काळात कमी झाले नाहीत. सरासरीने ते सुरुवातीच्या १३७ टक्क्यांवर गेले. दिल्लीतील ५२ मुलेही त्या तीन महिन्यांत वरण, भात आणि पोळीच खात होती.